गच्चीवरचे तीन डबे

शाळेतला प्रिंटर एकदा सुरू करून दिला, एवढीच शर्मिला गायकवाडची चूक. आत अडकलेला कागद तिने डोक्यातली पिन काढून ओढला, आणि त्या दिवसापासून शाळेत जे जे म्हणून वायरीला लटकतं ते सगळं तिच्या गळ्यात पडलं. घंटेचा टायमर बिघडला, शर्मिलाबाई. शिपायाच्या फोनवर मेसेज येईनात, शर्मिलाबाई. तेव्हा शाळेत वायफाय बसवायचं ठरलं त्या बैठकीत तिचं नाव कोणी सुचवलं, हे विचारायची गरजच नव्हती. ती त्या दिवशी रजेवर होती. रजेवरच्या माणसाचं नाव एकमताने मंजूर होतं.

ती शिकवायची विज्ञान. संगणकाचं म्हणाल तर लेकाचा जुना लॅपटॉप आणि फोनवरचे व्हिडिओ, एवढीच तिची युनिव्हर्सिटी. पण अंगावर आलेलं काम तडीला न्यायचं, ही खोड जुनी. तिने नवी वही घातली, तीन कंपन्यांना बोलावलं आणि सांगितलं, "प्रत्येकाने आपापला डबा आठवडाभर लावून दाखवायचा. चालला तर पुढचं बोलू."

अडचण मैदानाची होती. विश्रांतवाडीच्या या शाळेच्या दोन इमारती. पुढची रस्त्यालगत, त्यात कार्यालय, सभागृह आणि लहान वर्ग. मागची मैदानापलीकडे, त्यात आठवी ते दहावी. इंटरनेटची लाइन येते पुढच्या इमारतीत. मागे केबल न्यायची तर मैदानाच्या कडेचे पेव्हर ब्लॉक उकरावे लागणार, आणि ते संस्थेच्या सचिव सुहासिनीताई मराठे यांनी सासऱ्यांच्या स्मरणार्थ बसवून घेतलेले. "एक ठोकळा हलायचा नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वरून वायर न्यायची म्हटली तर, "उद्या मुलं तिच्यावर रुमाल वाळत घालतील." मग राहिला एकच उपाय. पुढच्या गच्चीवर एक डबा, मागच्या गच्चीवर दुसरा, दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं आणि इंटरनेटने मैदानावरून हवेतून पलीकडे जायचं.

मागच्या इमारतीत नववी ब होती, आणि शर्मिलाचा सगळा जीव तिथे अडकला होता. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चाळीस टॅब दिले त्याला दोन वर्षं झाली. ते अजून लोखंडी कपाटात प्लॅस्टिकसकट पडून होते, कारण मागे इंटरनेट नाही. नववी ब मधल्या बहुतेक पोरांच्या घरी फोन एकच, आणि तो सकाळी वडिलांबरोबर रिक्षावर नाहीतर डिलिव्हरीला जातो. प्रयोगाचा व्हिडिओ बघून या, असं सांगितलं की सलोनी नावाची मुलगी सरळ विचारायची, "बाई, बघायचा कशावर?" तिच्या आवाजात तक्रार नसायची, नुसती चौकशी असायची. तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं.

तीन आठवडे झाले. वहीत तीन पानं भरली, आणि तिन्ही पानांवर एकच रडगाणं. कंपनीचा माणूस येतो, डबे लावतो, मागे इंटरनेट धो धो चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणाट. नवा जावई पहिल्या दिवशी हसूनखेळून आणि दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून, तसं.

पहिल्या कंपनीला तिने अकरा वेळा फोन केला. "मॅम, हमारे यहाँ से तो ग्रीन दिख रहा है," पलीकडची मुलगी म्हणाली.

"तुमच्याकडे हिरवं दिसतंय, माझ्याकडे काहीच दिसत नाहीये. डोळे कोणाचे तपासायचे ते इथे येऊन ठरवा," शर्मिला म्हणाली. कोणी आलं नाही.

दुसऱ्या कंपनीने विचारलं, मधे झाड आहे का. "आहे एक कडुनिंब," ती म्हणाली. "पण तो पहिल्या दिवशीही तिथेच होता."

सुहासिनीताईंचं निदान तयार होतं. "अहो शर्मिलाबाई, या कंपन्या पहिल्या दिवशी जोर लावतात. गिऱ्हाईक पटलं की नळ बारीक. आणि मी काय म्हणते, मागे पोचत नसेल तर नाही पोचत. कार्यालयात लावा, सभागृहात लावा, विषय संपवा. शनिवारी बैठक आहे. त्यात तिन्ही कंपन्यांचा तक्ता ठेवा, सही करते, मोकळ्या व्हा."

शनिवारला दोन दिवस उरले होते. म्हणजे दोन दिवसांनी टॅब पुढच्या इमारतीत जाणार, पाहुणे आले की सभागृहात मांडले जाणार, आणि सलोनीचा प्रश्न आहे तिथेच राहणार.

गुरुवारी दुपारी तिसऱ्या कंपनीचा पुष्कर आला. तिने त्याला फोनवर इतकं सुनावलं होतं की न येण्यापेक्षा येणं त्याला सोपं गेलं असावं. मार्केट यार्डाजवळ त्याचं छोटंसं ऑफिस. तिथून विश्रांतवाडी म्हणजे त्याच्या मते परराज्य.

"सॉरी मॅडम, ॲक्च्युअली ट्रॅफिक इतकं होतं की..."

"अकराला येणार होतास. दोन वाजलेत. एवढ्या वेळात कांदे येतात नाशिकहून. चल वर."

तो शिडी चढून पुढच्या गच्चीवर गेला. ती मागोमाग चढली. वर पोचली तर तो कमरेवर हात ठेवून उभा.

"मॅडम, ह्यांनी काय केलंय?"

"कोणी?"

"नाही, लॉकअपमध्ये आहेत म्हणून विचारलं."

शर्मिलाने बघितलं. म्हणजे आज पहिल्यांदा बघितलं. तीन कंपन्यांचे तीन पांढरे डबे ओळीने तीन पिंजऱ्यांत बसले होते. तीन बाजूंनी जाड पत्रा, पुढून बारीक लोखंडी जाळी, वर हिरवा रंग, खाली कुलूप. पलीकडच्या गच्चीवरही तसेच तीन.

"मॅडम, लोखंडातून सिग्नल जाणार कसा? मी बसवलं तेव्हा हे नव्हतं."

खरंच नव्हतं. डबे दिवसा बसायचे आणि संध्याकाळी धम्मदीप सोनवणे येऊन त्यांना जाळी लावून जायचा. कोणी त्याला बोलवायचं नाही. बोलवायची गरजच नव्हती. या शाळेत भिंतीवर जे काही चढतं त्याला धम्मदीपची जाळी बसते. घड्याळाला जाळी, घंटेला जाळी, टीव्हीला, पाण्याच्या फिल्टरला, सभागृहातल्या दिव्यांना. एकोणीस वर्षांत शर्मिलाच्या डोळ्यांना जाळी म्हणजे भिंतच वाटायला लागली होती.

आणि हीच शर्मिला दरवर्षी आठवीच्या वर्गात मोबाइल स्टीलच्या डब्यात घालते, वर घट्ट झाकण लावते आणि मुलांना म्हणते, "लावा आता फोन." फोन लागत नाही. मुलं टाळ्या वाजवतात. तिला त्या टाळ्या आत्ता कानात ऐकू आल्या आणि गच्चीवरून खाली उतरूच नये असं वाटलं.

"कोणाला सांगू नकोस," ती पुष्करला म्हणाली.

"काय?"

"की मी विज्ञान शिकवते."

मुख्याध्यापक दीनानाथ आगाशे सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सरांचं हे तीनदा झालं की समजायचं, काम होणार नाही.

"जाळ्या काढायच्या म्हणता."

"आजच्या आज, सर. शनिवारी बैठक आहे."

"धम्मदीपला कोण सांगणार?"

"तुम्ही. तुमचा विद्यार्थी तो."

"तेच तर," सर म्हणाले, आणि बराच वेळ समोरच्या घड्याळाकडे, म्हणजे घड्याळाच्या जाळीकडे बघत राहिले. "अठ्ठावीस वर्षं झाली. आठवीत होता. चेंडू मारला तो सभागृहाच्या खिडकीतून आत, आणि संस्थापकांनी दिलेलं घड्याळ खाली. चुराडा. मी वर्गशिक्षक. समोर येऊन उभा राहिला. गरीब घरचा पोरगा, काय बोलणार? म्हटलं, जाऊ दे, बस जागेवर. कोणाला नाव कळू दिलं नाही. पुढे वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर नव्या घड्याळाला जाळी करून आणली. तेव्हापासून करतोच आहे. एक पैसा घेत नाही. त्याला मी सांगू, तुझी जाळी नको? मला नाही जमायचं. तुम्ही विज्ञानाच्या, तुम्ही सांगा."

"यात विज्ञान कुठे आलं, सर?"

"लोखंडात आलं ना," सर म्हणाले आणि पुन्हा चष्मा काढला.

शाळा सुटल्यावर ती आळंदी रस्त्याला धम्मदीपच्या दुकानात गेली. तो खिडकीचं ग्रिल जोडत होता. तिला बघितल्यावर त्याने मशीन बंद केलं, तोंडावरची काच वर सरकवली. "जयभीम, बाई. बसा. चहा सांगतो." खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला. शर्मिलाने ठरवून ठेवलं होतं, गोड बोलायचं, हळूहळू विषयावर यायचं.

"बरं झालं आलात," धम्मदीप म्हणाला. "हे बघा." कोपऱ्यात लाल रंग दिलेले छोटे पिंजरे एकावर एक रचले होते. "वर्गात पण डबे लागणार ना वायफायचे? अकरा तयार आहेत. उद्या हिरवा मारतो. ह्यांना पत्रा चारी बाजूंनी घेतलाय, जाड. कितीही जोरात चेंडू लागू दे."

अकरा. शर्मिलाच्या डोक्यात तीन आठवडे जे साठलं होतं ते त्या आकड्याने उतू गेलं.

"धम्मदीप, अरे कोणी सांगितलं होतं तुला? कोणी बोलावलं होतं? तीन आठवडे मी वेड्यासारखी फोन करतेय. कंपन्यांना शिव्या घालतेय. एका बिचाऱ्या पोरीला मी डोळे तपासायला सांगितलं. त्या कडुनिंबावर संशय घेतला. आणि तू दर वेळी संध्याकाळी येऊन माझा सिग्नल लोखंडात कोंडून जातोयस. विचारायचं नाही, सांगायचं नाही, आला की ठोकली जाळी. टॅब दोन वर्षं कपाटात पडलेत, नववी ब ची चाळीस पोरं वाट बघताहेत. परवा बैठक आहे, आणि तुझ्या त्या जाड पत्र्यापायी ती पोरं राहणार कोरडी. काही विचार करशील की नाही?"

चहावाला आला, दोन ग्लास ठेवून, दोघांची तोंडं बघून पैसे न मागताच गेला. शर्मिलाचे कान गरम झाले. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, स्वतःच्या दुकानात, आणि तेही इतकी वर्षं फुकट काम करणाऱ्याला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "असं बोलायला नको होतं."

"नाही, नाही." धम्मदीप स्टुलावर बसला. "अजून काही राहिलंय का?"

"कशाचं?"

"रागवायचं."

तो चेष्टा करत नव्हता. फळ्यावरचं उतरवून घ्यायला बसलेल्या मुलासारखा नीट ऐकायच्या तयारीत होता.

"आहे," ती म्हणाली. "घंटेच्या जाळीलाही पत्रा आहे, म्हणून घंटा मागे ऐकू येत नाही. दहावीचा तास रोज पाच मिनिटं जास्त चालतो. फिल्टरच्या जाळीत माझी ओढणी तीनदा फाटली. टीव्हीच्या जाळीमुळे भारताचा नकाशा चौकोनांचा दिसतो. आणि घड्याळात किती वाजलेत हे बघायला लोक हातातलं घड्याळ बघतात."

"बरं," धम्मदीप म्हणाला. मग हसला, आणि हसता हसता हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे तसेही लाल असतात, त्यामुळे शर्मिलाने तिकडे लक्ष दिलं नाही असं दाखवलं.

"बाई, सर चांगले होते. म्हणाले, जाऊ दे. पण जाऊ दे म्हटल्यावर पोराने जायचं कुठे? महिनाभर पोटात दुखायचं माझ्या. सर दिसले की वाटायचं, आता बोलतील, आता बोलतील. बोललेच नाहीत. दोन छड्या मारल्या असत्या तर दुपारी विसरलो असतो." त्याने चहाचा ग्लास उचलला. "शाळेतलं कोणी मला पहिल्यांदाच रागावलं आज."

"मग बरं वाटलं?"

"थोडं लागलं," तो म्हणाला. "पण बरं वाटलं."

शुक्रवारी सकाळी तो सहाही किल्ल्या घेऊन हजर झाला. पुढच्या गच्चीवरचे तीन पिंजरे त्याने उतरवले, मग मागचे तीन. पुष्करला शर्मिलाने आधीच बोलावलं होतं, आणि आदल्या दिवशीचं ऐकून घेतल्यामुळे तो वेळेच्या दहा मिनिटं आधी आला. एकेक जोडी सुरू करायची, नववी ब मध्ये उभं राहून फोनवर बघायचं. पहिली कंपनी, चाललं. दुसरी, चाललं. तिसरी, चाललं. मधे कडुनिंब होताच.

शर्मिलाला आनंद झाला, आणि तो पुरता मिनिटभरही टिकला नाही. कारण तक्ता पुन्हा कोरा झाला होता. तिन्ही नापास होते तेव्हा निदान भांडता येत होतं. तिन्ही पास, आता निवडायचं कशावरून?

शनिवारच्या बैठकीत सुहासिनीताईंनी तक्ता डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "तिन्ही उत्तम. छान. म्हणजे तीन आठवडे आपण तक्ता केला आणि तक्त्याला काही कळलं नाही." मग त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या धम्मदीपकडे बघितलं. "आणि हे काय ऐकते मी? जाळ्या काढल्या? संस्थेची वस्तू उघड्यावर?"

"ताई, जाळीतून चालत नाही ते," शर्मिला म्हणाली.

"मग न चालणारी सुरक्षित वस्तू बरी की चालणारी फुटकी?"

"फुटलेली नाहीये अजून."

"फुटेल. मैदान आहे ते, शर्मिलाबाई, देवघर नाही."

आगाशे सरांनी चष्म्याकडे हात नेला. धम्मदीप तेवढ्यात उठून उभा राहिला, वर्गात राहतात तसा.

"ताईंचं बरोबर आहे. फुटणारच. मी आठवीत होतो तेव्हा माझा चेंडू दोन मजले वर जायचा. आताच्या पोरांचा पण जातो. म्हणून मी काय म्हणतो, कुठला चांगला ते विचारूच नका. फुटल्यावर काय, ते विचारा."

शर्मिलाने वही उघडली, तिथेच, सगळ्यांच्या समोर, पहिल्या कंपनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. डबा फुटला तर? बेंगळुरूला पाठवावा लागेल, मॅम, तीन ते चार आठवडे. दुसरी कंपनी म्हणाली, दिल्लीहून येईल, तिकीट रेझ करा. तिकीट म्हणजे काय, ते सुहासिनीताईंनी विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी हातानेच नको म्हणून सांगितलं. पुष्करला फोन लागला तेव्हा मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"फुटला तर? मॅडम, गाडीवर टाकून आणतो ना दुसरा. त्याच दिवशी. ट्रॅफिक नसेल तर."

"आणि असेल तर?" सुहासिनीताई फोनकडे वाकून म्हणाल्या.

"तर... संध्याकाळी."

"हा घ्या," त्या म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं. मग थांबल्या. "पण फोडणाऱ्याचं काय? जबाबदारी कोणाची लिहू?"

"फोडणाऱ्याने येऊन सांगायचं," आगाशे सर म्हणाले. इतक्या वेळात त्यांचं हे पहिलंच वाक्य. त्यांनी ते धम्मदीपकडे बघून म्हटलं, मग लगेच टेबलाकडे बघितलं. "आणि आम्ही त्याला रागवायचं. व्यवस्थित. मी विसरलो तर शर्मिलाबाई आहेत."

सही झाली.

सोमवारी तिसऱ्या तासाला शर्मिलाने लोखंडी कपाट उघडलं. शनिवारी प्लॅस्टिकसकटच चार्ज करून ठेवलेले चाळीस टॅब नववी ब च्या बाकांवर वाटले. मुलांनी प्लॅस्टिक इतकं हळू काढलं की तिला म्हणावं लागलं, "अरे फाडा, ते परत नाही घालायचंय." वायफाय जोडलं. वरच्या कोपऱ्यात चाळीस छोटे पंखे उमटले. पासवर्ड तिने फळ्यावर लिहिला होता, तो मुलांनी सवयीने वहीत उतरवून घेतला आणि खाली रेघ मारली.

आणि मग चाळीसच्या चाळीस टॅबवर एकच गोल फिरायला लागला. दोन वर्षं झोपलेले टॅब जागे झाले होते आणि आधी त्यांना स्वतःला अद्ययावत करून घ्यायचं होतं. चार टक्के. पाच टक्के. चाळीस टॅब एकाच वाटेवरून एकदम निघालेले. शर्मिलाने कपाळाला हात लावला. हे तिच्या वहीत कुठेही नव्हतं. हे आदल्या दिवशी करून ठेवायला हवं होतं, हे तिला आता कळत होतं.

"बाई, बिघडलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही रे. आंघोळ करताहेत."

सलोनी टॅबवर हनुवटी टेकून बसली होती. "बाई, किती वेळ?"

"माहीत नाही गं. दोन वर्षांची आंघोळ आहे."

अकरा टक्के. तास संपला. मधली सुट्टी झाली. घंटेची जाळी धम्मदीपने रविवारीच काढली होती, त्यामुळे घंटा आता मागेपर्यंत ठणठणीत ऐकू आली. कोणी उठलं नाही. एकाने बाकाखालून डबा काढला, पोळीभाजी खाता खाता टॅबकडे बघायला लागला. मग सगळ्यांचेच डबे निघाले. शर्मिला पहिल्या बाकावर सलोनीशेजारी दाटीवाटीने बसली.

"चौदा झाले," सलोनी म्हणाली आणि बाईंसमोर डबा सरकवला. "मेथीची आहे. घ्या, वेळ लागणारे."